जगाचा पगार, गल्लीचे घरभाडे: माहिती तंत्रज्ञान आले की शहराचे काय होते?

दर हिवाळ्यात बेळगावात हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरते, उत्तर कर्नाटकात उद्योग का येत नाहीत यावर चर्चा होते, आणि पुढचे आठ-पंधरा दिवस आपल्या वर्तमानपत्रांत क्लस्टर, इकोसिस्टिम, जीसीसी, 'बियाँड बेंगळूर' हे शब्द पुन्हा पुन्हा दिसू लागतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या राज्याच्या धोरणात २०२९ पर्यंत ५०० नवी जीसीसी, म्हणजे परदेशी कंपन्यांची इथली कार्यालये, आणण्याचे उद्दिष्ट आहे, बेंगळूरबाहेर डिजिटल उद्योग वाढवण्याच्या योजनेत हुबळी-धारवाड-बेळगाव हा एक पट्टा धरलेला आहे, आणि ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारत गाडीही बेंगळूरहून थेट बेळगावपर्यंत धावू लागली आहे. एवढे सगळे वाचूनही यातून आपल्या गल्लीत नेमके काय बदलणार, हे सर्वसामान्य वाचकाला कळत नाही, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

टिळकवाडीतल्या आमच्या कट्ट्यावर या विषयाचे दोन तट आहेत. एकाच्या मते कंपन्या आल्या की पुण्याला गेलेली पोरे परत येतील. दुसऱ्याच्या मते जमिनी जातील, भाडी वाढतील आणि नोकऱ्या बाहेरच्यांना मिळतील. गंमत अशी की दोन्ही तट बरोबर आहेत, कारण दोघेही एकाच यंत्रणेची दोन टोके पाहत असतात. ती यंत्रणा थोडक्यात सांगायची तर अशी: या उद्योगात माणसाचा पगार जगाच्या बाजारात ठरतो आणि त्याचे घरभाडे, दूध, पाणी, शाळा हे सारे गल्लीच्या बाजारात ठरते. हे दोन बाजार एका शहरात एकमेकांना भिडले की काय होते, ते आता पायरीपायरीने पाहू.

जागतिकीकरण बेळगावला नवे आहे का?

जागतिकीकरण म्हणजे वस्तू, पैसा, काम आणि माहिती यांची देशांच्या सीमा ओलांडून होणारी ये-जा. ही व्याख्या धरली तर बेळगाव त्यात सव्वाशे वर्षांपूर्वीच उतरले होते. गुर्लहोसूरला १८६९ मध्ये जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईतली शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावला आले, तेव्हा त्यांनी सायकलींचे दुकान चालवले. त्या सायकली परदेशी बनावटीच्या होत्या. दुकानाशेजारच्या छोट्या कारखान्यात पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर तयार झाले, तेही परदेशी नमुन्यांचा अभ्यास करून, पण आपल्या मातीला आणि आपल्या बैलांना झेपतील असे. शहरातल्या किर्लोस्कर रोडचे नाव त्या काळाची आठवण आहे.

आजचे उदाहरण उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत सापडते. तिथल्या एखाद्या फौंड्रीत सकाळच्या शिफ्टला उभे राहिले, तर वाळूचे साचे ओळीने मांडलेले दिसतात, भट्टीतले लोखंड त्यात ओतले जाते, थंड झाल्यावर साचा फोडून कास्टिंग बाहेर काढतात आणि त्याच्या कडा घासून साफ करतात. ते कास्टिंग एखाद्या पंपाचे किंवा व्हॉल्व्हचे घर असते, आणि त्याचे ड्रॉइंग कधी पुण्याहून तर कधी युरोपातून आलेले असते. वाळूत ओल जास्त राहिली तर वाफ लोखंडात अडकून आत पोकळी राहते, तिला 'ब्लो होल' म्हणतात. वाईट गोष्ट ही की ती बहुधा वरून दिसत नाही. मशीनवर पहिला थर कापला गेल्यावर, म्हणजे लोखंड, वीज आणि मजुरी असा सगळा खर्च होऊन गेल्यावर ती उघडी पडते. माल परदेशात पोहोचल्यावर दिसली तर तोटा त्याहून मोठा. वाळूची ओल बोटांनी ओळखणारा उद्यमबागेतला कारागीर अशा रीतीने हजारो किलोमीटरवरच्या खरेदीदाराशी बांधलेला असतो, जरी त्याने कधी विमान आतून पाहिलेले नसले तरी.

विमानाचा उल्लेख ओघात आला नाही. पुणे-बेंगळूर महामार्गावरच्या हत्तरगीत एक्वस या कंपनीचे विशेष आर्थिक क्षेत्र २००९ पासून आहे आणि तिथे बनलेले सुटे भाग एअरबस, बोइंग या कंपन्यांच्या विमानांत बसतात. 'विशेष आर्थिक क्षेत्र' म्हणजे कर आणि सीमाशुल्काच्या हिशेबात देशाबाहेर धरलेली जागा. हत्तरगीतली खरी कल्पना मात्र कराची नाही. विमानाच्या एका भागाला घडाई, कापाई, पृष्ठभागावरची रासायनिक प्रक्रिया, तपासणी अशा अनेक टप्प्यांतून जावे लागते. प्रत्येक टप्पा वेगळ्या गावात किंवा वेगळ्या देशात असेल तर तो भाग विमानात बसण्याआधीच अर्धी दुनिया फिरतो. हे टप्पे एकाच कुंपणात आणले की वेळ आणि भाडे दोन्ही वाचते.

मग माहिती तंत्रज्ञानात वेगळे काय?

वेगळेपणा वजनाचा आहे. कास्टिंग ट्रकवर चढवावे लागते, बंदरावर न्यावे लागते, त्याला सीमाशुल्क लागते. संगणकासाठी लिहिलेल्या प्रणालीला वजन नसते. ती तारेतून जाते. म्हणून या उद्योगाला कच्चा माल, नदी किंवा बंदर जवळ असण्याची गरज उरत नाही, त्याला फक्त शिकलेली माणसे, न जाणारी वीज आणि चांगले इंटरनेट लागते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने १९८५ मध्ये बेंगळूरला केंद्र उघडले, ते उपग्रहाच्या दुव्याने अमेरिकेशी जोडलेले होते. १९९१ मध्ये देशाने आर्थिक दारे उघडली, त्याच वर्षी सॉफ्टवेअर निर्यातीला मदत करणारी सरकारी संस्था उभी राहिली, आणि दशकाच्या अखेरीस जगभरच्या संगणकांतली सालाची दोन आकडी नोंद २००० साली गोंधळ घालील या भीतीने पाश्चात्त्य कंपन्यांनी हजारो भारतीय प्रोग्रामरांना काम दिले. इंग्रजी येणारा, तिकडच्या तुलनेत कमी पगारात काम करणारा आणि तिकडे रात्र असताना जागा असणारा इंजिनिअर इथे उपलब्ध आहे, हे एकदा कळल्यावर त्या कंपन्या मागे फिरल्या नाहीत.

आता जीसीसी. 'ग्लोबल कॅपेबिलिटी सेंटर' या तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचा अर्थ परदेशी कंपनीने भारतात उघडलेले स्वतःचे कार्यालय, एवढाच आहे. आधीची पद्धत शिंप्याकडे कापड टाकण्यासारखी होती: काम बाहेरच्या भारतीय कंपनीला द्यायचे आणि शिवून परत घ्यायचे. जीसीसी म्हणजे शिंप्यांच्या गल्लीत जागा घेऊन स्वतःच शिवणयंत्रे मांडणे आणि शेजारच्या दुकानातले चांगले कारागीर जास्त पगारावर आपल्याकडे ओढणे. नॅसकॉम ही सॉफ्टवेअर कंपन्यांची संघटना आणि झिनोव्ह ही सल्लागार कंपनी यांच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात अशी १,७०० हून अधिक केंद्रे होती आणि त्यांत सुमारे १९ लाख माणसे काम करत होती.

वजनच नाही, तर सगळे बेंगळूरलाच का?

हा आक्षेप रास्त आहे, आणि मला तो या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तारेतून जाणारे काम खानापुरातूनही करता यायला हवे. तरीही ते एका शहरात दाटी करते, जिथे घर महाग आहे आणि दोन किलोमीटरला तासभर लागतो.

रविवार पेठेत घाऊक धान्याची आणि गुळाची दुकाने एकमेकांना खेटून का आहेत? दुकानदाराला शेजारी स्पर्धक नको असतो, असे आपल्याला वाटते. पण गिऱ्हाईक पेठेत येते ते दहा दुकाने फिरता येतात म्हणून. हमाल तिथेच थांबतो कारण एका दुकानात माल नसला तर दुसऱ्यात असतो. आणि कुठल्या गावचा गूळ यंदा कसा उतरला ही बातमी चहाच्या टपरीवर फुकट मिळते. गिऱ्हाईक, कामगार आणि बातमी हे तिन्ही दाटीनेच येतात. एकाच धंद्याच्या अशा दाटीला क्लस्टर म्हणतात, यापलीकडे त्या शब्दात काही गूढ नाही.

बेंगळूरमध्ये ही दाटी सॉफ्टवेअरच्या फार आधी सुरू झाली. तिथे भारतीय विज्ञान संस्था १९०९ मध्ये निघाली, १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी विमानांचा कारखाना काढला, आणि स्वातंत्र्यानंतर टेलिफोन, घड्याळे, रडार बनवणारे सरकारी कारखाने त्याच शहरात आले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस राज्याच्या इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाने इलेक्ट्रॉनिक सिटीसाठी ३३२ एकर जागा आखली, तेव्हा तिथे बसायला इंजिनिअर आधीच तयार होते. १९९१ च्या जनगणनेत सुमारे ४१ लाख असलेले हे महानगर २०११ पर्यंत ८५ लाखांवर गेले. बेळगाव शहराची लोकसंख्या त्याच २०११ मध्ये ४,८८,१५७ होती.

इंजिनिअर घडवण्यात आपण मागे आहोत, असेही नाही. विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून इथेच आहे आणि राज्यातली दोनशेहून अधिक महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. त्यामुळे कर्नाटकातल्या बहुतेक इंजिनिअरांच्या गुणपत्रिकेवर बेळगावचे नाव छापलेले असते आणि नोकरीच्या पत्रावर बेंगळूरचे. कारण विचारले तर तरुण मुले पगार सांगत नाहीत, वेगळेच सांगतात. नवरा-बायको दोघेही इंजिनिअर असतील तर एकाला बेळगावात नोकरी मिळून भागत नाही, दुसऱ्यालाही मिळावी लागते. आणि आज मिळालेली नोकरी उद्या गेली तर त्याच शहरात दुसरी मिळेल याची खात्री लागते. ही खात्री दाटीतून येते. एकुलत्या एका मोठ्या कंपनीच्या गावात कर्मचारी त्या कंपनीच्या दयेवर असतो, आणि हे तो नोकरी घेतानाच ओळखून असतो.

मराठी मुलांची वाट पुण्याकडे

बेळगावच्या मराठी मुलांच्या बाबतीत या दाटीला आणखी एक फाटा फुटतो. शासनाच्या कागदावर आपण बेंगळूरच्या राज्यात आहोत, पण मावशी, आत्या, भाड्याची खोली आणि रात्रीच्या बसचे तिकीट ही सगळी पुण्याची असतात. हिंजवडीतल्या कुठल्याही कार्यालयात 'बेळगावकडचा' एकजण भेटतोच, आणि दोन वाक्ये ऐकली की तो ओळखूही येतो.

२०२० च्या टाळेबंदीत ही वाट काही काळ उलटी वाहिली. आमच्या अनगोळच्या नातलगांकडे पुण्याहून परतलेला मुलगा माडीवरच्या खोलीत टेबल मांडून रात्री साडेअकरापर्यंत अमेरिकेतल्या लोकांशी बोलत बसे. त्याची आजी पहिले पंधरा दिवस जिन्याखालून रोज विचारायची, "रात्रीचं कसलं ऑफिस करायलायस रे बाळा?" त्याने समजावून सांगितल्यावर तिने शेजारी जाहीर केले की नातू अमेरिकेची रात्रपाळी करतो. जीसीसीची यापेक्षा चांगली व्याख्या मी अजून वाचलेली नाही. त्या दोन वर्षांत अनगोळ, हिंदवाडी, शहापूर इथल्या घराघरांतून पुण्याचा आणि बेंगळूरचा पगार बेळगावच्या किराणा दुकानांत खर्च होत होता. पुढे कंपन्यांनी माणसांना कार्यालयात परत बोलावले आणि माडीवरची खोली रिकामी झाली.

एक पगार शहरात किती लोकांना पोसतो?

कंपनी आली की 'इतक्या प्रत्यक्ष आणि तितक्या अप्रत्यक्ष नोकऱ्या' असे छापले जाते. प्रत्यक्ष म्हणजे कंपनीच्या हजेरीपटावरच्या. अप्रत्यक्ष म्हणजे त्या लोकांच्या खर्चावर जगणाऱ्या: पोळ्या लाटणाऱ्या बाई, रिक्षावाला, दाताचे डॉक्टर, शिकवणीचे मास्तर, घर बांधणारा गवंडी. अर्थतज्ज्ञ एन्रिको मोरेत्ती यांनी अमेरिकी शहरांचा अभ्यास करून असा अंदाज मांडला की उच्च तंत्रज्ञानातली एक नोकरी दीर्घकाळात शहरात पाच इतर नोकऱ्या निर्माण करते. हा आकडा अमेरिकेचा आहे. तो उचलून बेळगावला चिकटवणे चूक ठरेल, पण दिशा तीच राहते.

बाहेरून येणारा पगार हा पाटाचे पाणी समजा. ते किती शेतांत मुरते यावर पीक ठरते, पाटाच्या तोंडाशी किती होते यावर नव्हे. घरभाडे, भाजी, कामवाली, खानावळ, शाळा हे खर्च गावात मुरतात. मोटारीचा हप्ता, मोबाइल, ऑनलाइन खरेदी, परदेशी सहल हे पाणी पाटातून सरळ पुढे निघून जाते. गणपत गल्लीतले कापड दुकान आणि मोबाइलवरचे दुकान यांत गिऱ्हाईक कुठे जाते, यावर बेळगावच्या वाट्याला किती ओल येणार हे बऱ्याच अंशी ठरते.

मग भाडे का वाढते?

समजा एका वस्तीत भाड्याची शंभर घरे आहेत आणि आठ-नऊ हजार देऊ शकणारी शंभर कुटुंबे त्यांत राहतात. आता पंधरा नवी कुटुंबे आली, जी सहज अठरा हजार देऊ शकतात. घरे मात्र शंभरच आहेत. नवी घरे बांधायला दोन-तीन वर्षे लागतात, भाडे मात्र पुढच्या करारापासूनच बदलते. घरमालक वाईट असण्याची गरज नाही. तो फक्त विचारतो आणि कोणीतरी 'हो' म्हणते. ते पंधराजण पंधराच घरांत राहतात, पण त्यांनी दिलेला दर हा उरलेल्या पंचाऐंशी घरांचाही नवा दर बनतो, आणि पंधरा जुनी कुटुंबे पिरनवाडी, मच्छे, कंग्राळीकडे सरकतात. जागतिक पगाराची झळ ज्याला तो पगार मिळत नाही त्याला कशी लागते, याचे उत्तर या साध्या गणितात आहे.

न्हाव्याचे उदाहरण आणखी बोलके आहे. तीस वर्षांपूर्वी केस कापायला जेवढा वेळ लागत होता तेवढाच आजही लागतो. त्याच्या कामात कोणते तंत्रज्ञान शिरलेले नाही. तरी दर कितीतरी पटींनी वाढला आहे. महागाई तर आहेच, पण त्याशिवाय त्याच्या गाळ्याचे भाडे वाढते, आणि त्याच्याकडे कात्री चालवणाऱ्या पोराला मोबाइलवरून मागवलेले खाद्यपदार्थ पोहोचवणारी कंपनी जास्त पैसे देऊ करते, म्हणून त्यालाही मजुरी वाढवावी लागते. एका धंद्यातली कमाई वाढली की ती शेजारच्या धंद्यातल्या मजुरीला वर खेचते. त्यात न्हाव्याचे भले होते. ठरावीक पेन्शनवर जगणाऱ्या त्याच्या गिऱ्हाइकाचे होत नाही.

जमीन कोणाची जाते?

किर्लोस्करांच्या गोष्टीचा उत्तरार्ध इथे सांगण्यासारखा आहे. त्यांचा कारखाना ज्या ठळकवाडी भागात होता तिथे नगरपालिकेने नवी वसाहत आखली आणि कारखान्याला जागा सोडावी लागली. औंध संस्थानच्या राजांनी कुंडलजवळचा माळ दिला, आणि १९१० मध्ये तिथे जे गाव वसले ते किर्लोस्करवाडी. राहण्याची जागा आणि कामाची जागा यांतला हा झगडा तेव्हा घरांनी जिंकला होता. आज तो शेताशी चालू आहे.

शहराच्या दक्षिणेला येळ्ळूर, वडगाव, अनगोळ, शहापूरच्या शिवारांत बेळगावी बासमती पिकते. त्या भाताचा वास शिजताना शेजारच्या घरापर्यंत जातो. हलगा-मच्छे बायपास याच पट्ट्यातून जातो, म्हणून शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलन केले आणि न्यायालयाचे दरवाजेही ठोठावले. 'चांगली भरपाई मिळते ना, मग विरोध कशाला?' हा प्रश्न शहरातले लोक हमखास विचारतात. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्यानुसार शहरी भागात बाजारभावाच्या दुप्पट आणि ग्रामीण भागात चौपटीपर्यंत भरपाई मिळू शकते, हे खरे आहे. पण तो बाजारभाव नोंदणी झालेल्या खरेदीखतांवरून काढतात, आणि मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी खतावर कमी रक्कम लिहिण्याची सवय आपल्याकडे किती जुनी आहे, हे सांगायला नको. कमी आकड्याची दुप्पट ही कमीच राहते. शिवाय रस्ता झाल्यानंतर शेजारच्या जमिनीचा जो भाव होतो, त्यात जमीन गेलेल्याचा वाटा नसतो. तो मिळतो ज्याची जमीन रस्त्याला लागून उरली त्याला.

पाण्याची बाजू

बेळगावला पाणी येते ते मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयातून आणि घटप्रभेवरच्या हिडकलमधून. चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग जागतिक बँकेच्या कर्जातून इथल्या काही प्रभागांत झाला, तेव्हा नळाच्या तोटीपर्यंत जागतिकीकरण आले होते, असे म्हणायला हरकत नाही. उरलेल्या शहरात पाणी दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येते आणि घरोघरी टाक्या भरून ठेवतात.

बेंगळूरला कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, चढावर उपसून आणावे लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथल्या अनेक वस्त्या टँकरवर होत्या, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रोज ७७ कोटी ५० लाख लिटरची नवी योजना सुरू करावी लागली. आपल्याकडे पाऊस जास्त पडतो, हे या बाबतीत पुरेसे उत्तर नाही. जूनमध्ये रस्त्यावरून वाहून गेलेला पाऊस मे महिन्यात नळाला येत नाही.

भाषेचे काय?

हा आक्षेप सीमाभागात टाळून चालणार नाही. जुलै २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने खासगी उद्योगांत व्यवस्थापनाच्या ५० टक्के आणि इतर ७० टक्के जागा स्थानिकांना देण्याचे विधेयक मंजूर केले, आणि उद्योगजगतातून ओरड होताच काही दिवसांतच ते बाजूला ठेवले. त्यात स्थानिक ठरण्यासाठी राज्यात जन्म आणि १५ वर्षांचे वास्तव्य यांबरोबर कन्नड लिहिता-वाचता-बोलता येण्याची अट होती, आणि शालेय शिक्षणात कन्नड नसलेल्यांना परीक्षा द्यावी लागली असती. पिढ्यान्पिढ्या इथेच राहणारा, पण मराठी माध्यमात शिकलेला मुलगा अशा कायद्यात कुठे बसेल, हा प्रश्न विधेयकासोबत मागे पडला आहे, संपलेला नाही.

माझे मत स्पष्ट सांगतो. परदेशी कंपनीच्या कामाची भाषा इंग्रजी असते, तिथे मराठी आणि कन्नड मुले सारखीच अडखळतात. पण त्याच कंपनीमुळे उभ्या राहिलेल्या अप्रत्यक्ष नोकऱ्या, म्हणजे दवाखाने, बँका, दुकाने, सरकारी परवाने, ही सगळी स्थानिक भाषेत चालतात, आणि बेळगावात दोन्ही भाषा येणाऱ्याला तिथे कोणी अडवत नाही. कन्नड शिकल्याने मराठी जात नाही, हे आपल्या बाजारपेठेतला प्रत्येक दुकानदार जाणतो. व्यासपीठावर ते बोलणे अवघड असते, एवढेच.

श्रमाचा बाजार तर सीमा मानतच नाही. चंदगड तालुक्यातली मुले सकाळच्या एसटीने आणि दुचाकीने उद्यमबागेत कामाला येतात. वेंगुर्ले रस्त्यावर सीमेपलीकडे शिनोळीत महाराष्ट्राची औद्योगिक वसाहत आहे आणि महामार्गावर होनग्याला कर्नाटकाची, त्यामुळे कारखानदार जागा, वीजदर आणि सवलती यांची दोन राज्यांत तुलना करून मग ठरवतो. उद्योजकाला ही सीमा पर्याय देते. कामगाराला मात्र तिचा असा फायदा अजून झालेला दिसत नाही.

हे काम टिकेल का?

जगाच्या बाजारात पगार ठरतो, याचा अर्थ तो तिकडे तुटूही शकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतातून येणाऱ्या बऱ्याच मालावर एकूण ५० टक्के आयात शुल्क लावले आणि पुढच्या महिन्यात तिकडे नोकरीसाठी लागणाऱ्या नव्या एच-१बी व्हिसाच्या अर्जावर १ लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. पहिल्या निर्णयाची झळ वजन असलेल्या मालाला लागली. दुसऱ्यामुळे कदाचित तिकडे जाणारी माणसे इथेच बसून काम करतील आणि जीसीसी वाढतील. कृत्रिम बुद्धिमत्तेने मात्र साचेबद्ध प्रोग्राम लिहिणे, तक्रारींना ठरावीक उत्तरे देणे अशी सुरुवातीची कामे उचलायला घेतली आहेत, आणि लहान शहरांना आजवर पहिल्यांदा मिळत आली ती हीच कामे होती. वाळूची ओल बोटांनी ओळखणारा कारागीर या बाबतीत तूर्त अधिक सुरक्षित आहे, हे मी थट्टेने म्हणत नाही.

घोषणा वाचताना

उद्योग परिषदांत कोटींचे सामंजस्य करार होतात. सामंजस्य करार म्हणजे साखरपुडा नव्हे, मुलगी बघण्याचा कार्यक्रम आहे. पोहे खाऊन पाहुणे परत जाऊ शकतात. म्हणून बातमीत आधी पाहावे की जागा ताब्यात आली आहे का, मग पाहावे की काम कोणत्या प्रकारचे आहे. वस्तू बनवणे, प्रणाली लिहिणे आणि फक्त माहितीचा साठा सांभाळणे यांत फार फरक असतो. माहिती साठवणाऱ्या डेटा सेंटरला प्रचंड वीज आणि थंडाव्यासाठी पुष्कळ पाणी लागते, माणसे मात्र मोजकीच लागतात. एकरांचा आकडा बातमीच्या पहिल्या ओळीत असतो, नोकऱ्यांचा दुसऱ्या. पाणी राकसकोपचे की हिडकलचे, आणि ते सध्या कोणाच्या वाट्याचे आहे, हे विचारायला बहुधा वाचकालाच पत्र लिहावे लागते.